सड्यावरची अमानत

दहावीच्या इतिहासात ऐतिहासिक ठेव्यांचे जतन असा एक धडा आहे. दरवर्षी आम्ही तो शिकवतो. ठेवा म्हणजे काय, तो का जपायचा, कोणत्या संस्था तो जपतात, हे फळ्यावर लिहून देतो. मुलं उत्तर पाठ करतात आणि धडा संपतो.

यंदा तो संपला नाही. मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "टीचर, असला ठेवा आमच्या सड्यावर पण आहे. कातळात माणूस कोरलाय. दादी सांगते, पांडवांनी एका रात्रीत काढला." वर्ग हसला. हसू थांबेपर्यंत ती उभीच राहिली. मग खाली बसता बसता हळूच बोलली, "पण चाचा सडा चिरेखाणीला देणार आहेत."

या दुसऱ्या वाक्यामुळं आमची सहल ठरली. सहल कसली, पाहणीच म्हणा. आपल्या जिल्ह्यात जे जपलेलं आहे ते कसं जपलंय, कुणी जपलंय, आणि जे जपलेलं नाही त्याचं काय होतंय, हे पोरांनी डोळ्यांनी बघावं असं आम्हाला वाटलं. आम्ही दोघं शिक्षक, एकोणीस मुलं-मुली आणि आमचे शिपाईमामा, असे दोन रविवार फिरलो. तिसऱ्या रविवारी त्या मुलीच्या गावी गेलो.

निघण्याआधी मुलांनी एक पाहणीपत्रक तयार केलं. त्यात प्रश्न पाचच होते. जमीन कुणाची? राखण कोण करतं? फलक आहे का, आणि त्यावर काय लिहिलंय? इजा कशानं होते? काही बिघडलं तर कळवायचं कुणाला?

दोन बादशहांची अदलाबदल

सुरुवात गावातल्या गावात केली. थिबा राजवाडा रत्नागिरीच्या पोरांना काही नवा नाही. पण राजवाड्याकडं जाणं वेगळं आणि कागद-पेन घेऊन त्याची तपासणी करणं वेगळं. उतरती छपरं, लाकडी नक्षी, अर्धगोल खिडक्या, समोर खाडी आणि पलीकडं समुद्र. ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा याला इंग्रजांनी 1885 मध्ये गादीवरून उतरवलं आणि पुढच्या वर्षी रत्नागिरीला आणून ठेवलं. हा वाडा बांधून झाला 1910 मध्ये. राजा वारला 1916 मध्ये. कैदेची तीस वर्षं, आणि त्यातली या वाड्यातली जेमतेम सहा.

आज हा वाडा राज्य संरक्षित स्मारक आहे आणि आत सरकारी वस्तुसंग्रहालय आहे. मुलांचं पत्रक दहा मिनिटांत भरून झालं. जमीन सरकारची, फलक आहे, राखण आहे. कागदोपत्री सगळं जागच्या जागी.

तिथून आम्ही राजाच्या समाधीकडं गेलो. ती वस्तीत आहे, घरांच्या गर्दीत. रत्नागिरीत जन्म काढलेल्या आमच्यातल्या कित्येकांनी ती कधी पाहिलेली नव्हती. शेजारून रोज जाणाऱ्यालाही इथं कोण निजलंय हे सांगता येईलच असं नाही. 2012 च्या डिसेंबरात म्यानमारचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन इथं येऊन गेले, तेव्हा गावाला आठवण झाली की आपल्याकडं एक राजा पुरलेला आहे.

तिथंच एका मुलानं विचारलं, "टीचर, बहादूरशाह जफरांना इंग्रजांनी रंगूनला नेलं ना? मग ही तर अदलाबदल झाली." खरंच आहे. दिल्लीचा बादशहा ब्रह्मदेशात नेऊन ठेवला आणि ब्रह्मदेशाचा राजा कोकणात. जफर 1862 मध्ये रंगूनला वारले. त्यांची कबर कुठं आहे हे कुणाला कळू नये अशीच इंग्रजांनी तजवीज केली होती. तरी तिथल्या साध्या मुसलमानांनी त्यांना सूफी बुजुर्ग मानून त्या जागेची आठवण धरून ठेवली. 1991 मध्ये खोदकाम करताना खरी कबर सापडली आणि आज तिथं दर्गा आहे. ज्या 2012 साली म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष रत्नागिरीला आले, त्याच साली मे महिन्यात आपले तेव्हाचे पंतप्रधान मनमोहन सिंग रंगूनला त्या मजारवर जाऊन आले होते.

पोरांना आम्ही एवढंच म्हटलं की शेजाऱ्यानं एखादी जागा आपली मानली तर ती फलकाशिवायही टिकते, आणि शेजाऱ्यानं पाठ फिरवली तर फलक असूनही ती एकटी पडते. हे बोलताना ते किती खरं आहे याचा आम्हालाही नीट अंदाज नव्हता. तो पुढच्या दोन रविवारांत आला.

सडा म्हणजे ओसाड नव्हे

बाहेरगावच्या वाचकांसाठी थोडं सांगायला हवं. कोकणात डोंगर चढून वर गेलं की माथ्यावर सपाट, उघडा कातळ लागतो. त्याला आपण सडा म्हणतो. हा कातळ जांभ्याचा. जांभा कापला की त्याचे चिरे होतात, आणि चिऱ्यांवर आपली घरं, मशिदी, देवळं, शाळा सगळं उभं आहे. सरकारी कागदात सडा बहुतेक वेळा पडीक जमीन असतो. पण भर पावसात तिथं जाऊन बघा. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. त्यातलं पाणी सड्याच्या खळग्यांत साठतं, मुरतं, आणि खालच्या वाडीच्या विहिरींना पोचतं. श्रावण-भाद्रपदात त्याच कातळावर सीतेची आसवं फुलतात आणि सगळा माथा निळा-जांभळा होतो. गुरांना गवत मिळतं ते इथलंच.

या सड्यांवर हजारो वर्षांपूर्वीच्या माणसांनी चित्रं कोरून ठेवली आहेत. उभ्या भिंतीवर काढलेली ही चित्रं नव्हेत, पायाखालच्या आडव्या कातळात कोरलेली आहेत, म्हणून आपण त्यांना कातळशिल्पं म्हणतो. गावकऱ्यांना यातली काही पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होती. पण सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गेल्या दहा-बारा वर्षांत गावोगाव पायी हिंडून, गुराख्यांना आणि म्हाताऱ्याकोताऱ्यांना विचारून त्यांची पद्धतशीर नोंद केली. राज्याच्या पुरातत्त्व विभागानंही हे काम उचललं. आज दीड हजाराहून जास्त चित्रांची नोंद आहे. त्यात हत्ती आहेत, मासे आहेत, पक्षी आहेत, माणसं आहेत, आणि चक्क गेंडाही आहे. कोकणात आज गेंडा नाही. चित्रांत शिकारीची जनावरं आणि पाण्यातले जीव आहेत, शेतीची खूण मात्र दिसत नाही. त्यावरून अभ्यासक यातली जुनी चित्रं शेती सुरू होण्याआधीच्या माणसांची, म्हणजे दहा हजार वर्षांच्या आसपासची मानतात.

2022 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत ही कातळशिल्पं आली. त्यात नऊ ठिकाणं आहेत. त्यांपैकी सात आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात: उक्षी, जांभरुण, काशेळी, रुंढे तळी, देवीहसोळ, बारसू आणि देवाचे गोठणे. आठवं सिंधुदुर्गातलं कुडोपी आणि नववं गोव्यातलं. संभाव्य यादी म्हणजे नाव नोंदवलेलं, परीक्षा अजून व्हायची आहे, असं मुलांना समजावलं. पुढं देशाला पूर्ण प्रस्ताव द्यावा लागतो. हद्द कुठवर, भोवतीचा मोकळा पट्टा केवढा आणि देखभाल कोण करणार, हे त्यात लिहून द्यावं लागतं. थोडक्यात, आमच्या पोरांच्या पत्रकातलेच प्रश्न.

उक्षीचा हत्ती आणि आमची जुनी चूक

पहिल्या रविवारी दुपारनंतर उक्षीला आणि तिथून जांभरुणला गेलो. उक्षीला सड्यावर एकच मोठा हत्ती आहे, जवळजवळ खऱ्या हत्तीएवढा. त्याच्या भोवती गावानं गोल कठडा बांधलाय आणि वरून बघता यावं अशी उंच जागा केलीय. वर चढलं की खाली कातळावर रेघ उमटत जाते. आधी सोंड, मग पाठ, मग पाय. मुलं आधी "कुठं? कुठं?" करत होती, आणि एकाला दिसल्यावर सगळ्यांना दिसला. हे सगळं गावाच्या पुढाकारानं झालं, याचं आम्हाला फार अप्रूप वाटलं. कठडा असल्यामुळं हत्तीवर पाय पडत नाही, गाडी येत नाही आणि गुरं बसत नाहीत. महागड्या यंत्राची गरज पडली नाही. चिरे तर गावचेच.

जांभरुणला वाट पोफळीच्या बागांतून, पऱ्याच्या पाण्याजवळून जाते आणि मग चढण लागते. वर एकाच जागी पन्नासच्या आसपास चित्रं आहेत. माणसं, मासे, जनावरं. एवढी चित्रं एकत्र बघितली की मुलं बोलायची थांबतात, हे आम्ही तिथं पाहिलं.

तिथं एका मुलानं खिशातून खडू काढला. रेघ ठळक केली तर फोटो छान येईल, असं त्याचं म्हणणं. त्याला आम्ही रागावलो नाही, कारण ही चूक आम्ही स्वतः केलेली आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी एका सड्यावर शाळेची सहल नेली होती तेव्हा फोटोसाठी आम्हीच मुलांच्या हातात खडू दिले होते. नंतर तो खडू निघावा म्हणून झाडूनं आणि पाण्यानं घासलं. घासताना कातळाची बारीक कणी कणी हाताला लागत होती आणि तरी आम्हाला काही सुचलं नाही. दहा हजार वर्षं पावसानं झिजवलं नसेल तेवढं आम्ही एका दुपारी झिजवलं असेल. शिवाय खडूनं आपण ओढतो ती रेघ आपली असते, कोरणाऱ्याची नसते. चुकीच्या जागी ओढली की पुढचा बघणारा तीच खरी मानतो.

मग बघायचं कसं? सूर्य तिरपा असताना जायचं, सकाळी नऊच्या आत किंवा साडेचारनंतर. तेव्हा खाचेत सावली पडते आणि चित्र आपोआप उठून दिसतं. आम्ही थांबलो. पाच वाजता जांभरुणच्या कातळावर एकेक मासा सावलीतून वर आला, आणि त्या मुलानं खडू परत खिशात टाकला.

काशेळी ते देवाचे गोठणे

दुसऱ्या रविवारी दक्षिणेला निघालो. भाट्याचा पूल, पावस, पूर्णगड, गावखडी आणि मग काशेळी. काशेळीचं कनकादित्याचं मंदिर सगळ्यांना ठाऊक आहे. पण सड्यावरचा हत्ती अजून पुष्कळांनी पाहिलेला नाही. तो सुमारे 18 मीटर लांब आणि 13 मीटर रुंद आहे, आणि त्याच्या पोटात कितीतरी दुसरे जीव कोरलेले आहेत. जनावरं, मासे, पक्षी. मुलांनी कडेकडेनं फिरून मोजायचा प्रयत्न केला आणि प्रत्येकाचा आकडा वेगळा आला. एक मुलगी म्हणाली, "टीचर, हा हत्ती नाही, हा जंगलाचा नकाशा आहे." तिनं ते सहज म्हटलं, पण बसमध्ये परत येईपर्यंत सगळे त्यावरच बोलत होते.

देवाचे गोठणे इथल्या सड्यावर एक मानवाकृती आहे. तिथं होकायंत्र नीट चालत नाही असं ऐकून होतो, म्हणून प्रयोगशाळेतलं घेऊन गेलो होतो. चित्राजवळ ठेवल्यावर काटा खरंच भलतीकडं वळला. बाजूला नेला की ठीक, परत आणला की पुन्हा भलतीकडं. मुलांनी हे दहा-बारा वेळा केलं. शेवटी शिपाईमामा म्हणाले, "आता बस करा, त्या बिचाऱ्याला घेरी येईल." जांभ्यात लोह भरपूर असतं हे आमच्या विज्ञानाच्या सरांनी समजावलं. इतिहास, भूगोल आणि विज्ञान एकाच कातळावर बसून शिकायची ही संधी दुसरीकडं मिळणं कठीण.

पाचवा प्रश्न

दोन रविवारांची पत्रकं वर्गात मांडली तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. जिथं गावानं मनावर घेतलंय तिथं पहिल्या चार प्रश्नांची उत्तरं भरलेली होती. पाचव्या प्रश्नापुढं मात्र बहुतेक पत्रकांत मुलांनी रेघ मारलेली होती. उद्या सकाळी एखाद्यानं सड्यावर जेसीबी उभा केलेला दिसला तर धावत कुणाकडं जायचं, हे मुलांना सांगता येत नव्हतं. आम्हालाही चटकन सांगता आलं नाही.

कायदे आहेत. राष्ट्रीय महत्त्वाच्या स्मारकांसाठी 1958 चा केंद्राचा कायदा आहे आणि राज्याच्या स्मारकांसाठी महाराष्ट्राचा 1960 चा. केंद्र संरक्षित स्मारकापासून 100 मीटरच्या आत नवं बांधकाम करता येत नाही आणि त्यापुढच्या 200 मीटरमध्ये परवानगी लागते. पण हे कवच मिळतं ते अधिसूचना निघालेल्या स्मारकाला. दीड हजारावर चित्रं आणि युनेस्कोच्या यादीत नऊ ठिकाणं. बाकीची बहुतेक चित्रं सातबाऱ्यावर ज्यांची नावं आहेत त्यांच्या भरवशावर पडून आहेत.

इजा कशानं होते या रकान्यात मुलांनी आपली यादी केली होती. पहिली चिरेखाण. दुसरी कलमांसाठी कातळ फोडून घेतलेले खड्डे. तिसरा रस्ता आणि गाड्या. चौथे आपल्यासारख्या पाहुण्यांचे बूट आणि खडू. यातलं पहिलं आणि दुसरं एकदा झालं की भरून निघत नाही. कापलेला चिरा परत कातळ होत नाही.

बारसूचं नाव निघणं साहजिकच होतं. तिथं सड्यावर एक माणूस आणि त्याच्या दोन्ही बाजूंना दोन मोठी जनावरं, असं विलक्षण चित्र आहे. 2023 च्या एप्रिलमध्ये रिफायनरीच्या माती परीक्षणावरून तिथं आंदोलन पेटलं, तेव्हा कातळशिल्पांचं काय होणार हा प्रश्नही सगळ्यांच्या तोंडी आला. रोजगार हवा की कातळ, यावर वर्गात कडाक्याचं भांडण झालं. दोन्हीकडची पोरं मनापासून बोलत होती, म्हणून आम्ही मध्ये पडलो नाही.

त्यांना फक्त पोर्तुगालची एक हकीकत सांगितली. तिथं कोआ नावाची नदी आहे. 1990 नंतरच्या वर्षांत तिच्यावर धरण बांधायला घेतलं होतं, आणि तेव्हाच काठच्या खडकांवर अश्मयुगातली हजारो चित्रं असल्याचं उघड झालं. धरण झालं असतं तर ती पाण्याखाली गेली असती. सबंध देशात वाद झाला, आणि त्यात त्या गावच्या शाळेतली मुलंही उतरली होती. त्यांचं सांगणं एवढंच होतं की चित्रांना पोहता येत नाही. सरकारनं धरणाचं काम थांबवलं, 1996 मध्ये तिथं पुरातत्त्व उद्यान केलं आणि 1998 मध्ये ते जागतिक वारसा झालं. आता तिथं थोडी थोडी माणसं मार्गदर्शकाबरोबर आत सोडतात, वाटेल तशी गर्दी करू देत नाहीत.

हे ऐकून वर्ग खूश झाला. फक्त ती मागच्या बाकावरची मुलगी म्हणाली, "टीचर, तिथं सरकार होतं. आमच्याकडं चाचा आहेत."

चाचांचं पत्रक

तिसऱ्या रविवारी तिच्या घरी गेलो. गावाचं नाव लिहीत नाही, कारण ते घरचं प्रकरण आहे. दादीनं तांदळाच्या भाकऱ्या आणि सुक्या जवळ्याची चटणी केली होती. जेवण झाल्यावर चाचांबरोबर सगळे सड्यावर गेलो. माणसाची आकृती आहे, हात खाली सोडलेले, पाय जरा फाकलेले. एका बाजूनं गवत आणि माती चढलीय. तिच्यापासून खाणीची आखणी सुरू होत होती. दोऱ्या लावलेल्या होत्या. मुलांनी पावलं मोजली, एक्केचाळीस भरली.

आम्ही चाचांना जे सांगायचं ते सांगितलं. युनेस्को, कायदा, पोर्तुगाल, सगळं. त्यांनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, "टीचर, तुमचं पत्रक भरून झालं. आता माझं भरा. छपराची कौलं दोन पावसाळे बदलायची राहिलीत. दादीच्या डोळ्यांचं ऑपरेशन आहे. पोराची बारावीनंतरची फी आहे. सड्यावर पिकतं काय, तर गवत. आणि सातबाऱ्यावर नावं अकरा. निम्मे मुंब्य्राला, निम्मे कुवेतला. चित्र जपायला कुणी येत नाही, हिस्सा मागायला मात्र सगळे येतील."

याला आमच्याकडं उत्तर नव्हतं. शिकवणाऱ्यानं हे कबूल केलं पाहिजे. ठेवा जपा असं सांगणं सोपं आहे, कारण सांगणाऱ्याच्या खिशातून काही जात नाही.

इतक्यात शेजारचे एक बुजुर्ग म्हणाले, "आणि काय हो, ही माणसाची आकृती. बुत झालं ते. आपल्या जमिनीत कशाला जपायचं?" मुलं आमच्याकडं बघायला लागली. आम्ही म्हटलं, "चाचाजी, आपण त्याची इबादत करत नाही. दुसऱ्या गावात लोक अशा चित्रांना मानतात, पूजतात, तो त्यांचा प्रश्न. आपल्याकडं ही कुणाची तरी ठेवून गेलेली वस्तू आहे. ठेवणारा परत यायचा नाही, म्हणून ती आपली होत नाही."

ते काही बोलले नाहीत. बोलल्या त्या दादी. वाकत वाकत, नातीचा हात धरून त्याही वर आल्या होत्या. चाचांना म्हणाल्या, "तुझे अब्बा चाळीस वर्षं या सड्यावर गुरं घेऊन येत होते. या माणसावर त्यांनी कधी गुरू बसू दिलं नाही. पेंढा टाकला नाही. वणवा आला तर इथलं गवत आधी कापायचे. का, म्हणून विचारलं तर म्हणायचे, कुणाची तरी अमानत आहे, आपण नाही मोडायची."

आम्ही ज्या राखणदाराला दोन रविवार शोधत होतो तो इथं चाळीस वर्षं उभा होता. ना फलक, ना पगार. आणि तो गेल्यावर ती जागा रिकामी राहिली होती.

चाचांनी खाण रद्द केली, असं लिहायला आम्हाला आवडलं असतं. तसं झालेलं नाही. पण पुढच्या आठवड्यात ठेकेदाराला बोलावून त्यांनी दोऱ्या सरकवल्या. चित्राच्या बाजूचा सगळा कोपरा सोडला आणि आखणी सड्याच्या दुसऱ्या टोकाला नेली. हिशेबात त्यांचं नुकसान झालं, ते किती हे त्यांनी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. एक्केचाळीस पावलांची तीनशेच्या वर झाली. सोडलेला कोपरा कुणी कधी खाणीला देणार नाही आणि चित्राची नोंद व्हावी, असा ग्रामपंचायतीला आणि पुरातत्त्व विभागाला द्यायचा अर्ज मुलीनं स्वतःच्या अक्षरात लिहिलाय. त्यावर अकराही जणांच्या सह्या हव्यात. सात झाल्यात. चार राहिल्यात, आणि चारही कुवेतच्या आहेत.

हे मासिक कोकणातल्या कितीतरी घरांतून आखातात जातं, हे आम्हाला ठाऊक आहे. वाचकांना विनंती एवढीच. गावच्या सातबाऱ्यावर तुमचं नाव असेल आणि सामायिकात सडा असेल, तर सही करण्याआधी गावी फोन लावा. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारा, सड्यावर काही आहे का. पुढच्या सुट्टीत याल तेव्हा सकाळी लवकर वर जा, चपला काढून, मुलांना घेऊन. काही दिसलं तर दुरून फोटो काढा, खडू लावू नका, आणि ग्रामपंचायतीत लेखी कळवून त्याची पोच घ्या. पाचव्या प्रश्नाचं उत्तर सध्या तरी तिथूनच सुरू होतं.

त्या मुलीचं पत्रक आमच्याकडं आहे. राखण कोण करतं, या प्रश्नापुढं तिनं आधी "कुणी नाही" लिहिलं होतं. ते खोडून तिनं लिहिलंय, "दादा करायचे. आता आम्ही."